मुर्ध्यातली अनुभवी माणसं

मनाच्या आजारावरचं संशोधन तो आजार भोगलेल्यांच्या बरोबरीनेच करायचं, प्रत्येक निर्णय त्यांच्या मताने, अशी संस्थेची अट होती. म्हणून संशोधक कृतिका सकाळीच मुर्धा गावात हजर झाली. संध्याकाळी पाचपर्यंत अशा तीन सल्लागारांच्या सह्यांचा फॉर्म संस्थेला गेला नाही, तर प्रकल्प बंद आणि तिची नोकरीही.

दुपारपर्यंत घरोघरी एकच उत्तर. "आमच्या गावात तसलं कोनी न्हाय. जेसल पार्कला बघ, फ्लॅटवाल्यांना व्हतं ते."

शेवटी सुकी मासळी उलटत बसलेल्या हौसाबाई म्हणाल्या, "मला झालं व्हतं. दोन वर्सं उंबरा न्हाय ओलांडला. गोळ्या खाल्ल्या, बरी झाले. लिही."

कृतिकाने आनंदाने 'अनुभवतज्ज्ञ' असं लिहिलेलं ओळखपत्र त्यांच्या गळ्यात घातलं. इथेच चुकलं. गावात असलं कार्ड फक्त उत्सव कमिटीच्या गळ्यात असतं, आणि कमिटीत एकाच आळीचं माणूस घेणं म्हणजे बाकीच्यांचा अपमान. अर्ध्या तासात तेवीस जण जमले.

"हिला दोन वर्सं? मला पाच!" लीलाधरशेठ गरजले.

"पाच कुठली, सात!" त्यांची बायको शालू म्हणाली. "लिफ्टमध्ये पाय ठेवत न्हाय हा मानूस. घाम फुटतो."

"सात लिहा. शालू, फाइल आन!"

सात वर्षं तांदळाच्या डब्यात लपवलेली डॉक्टरांची फाइल चारचौघांत उघडली. पाठोपाठ दुसऱ्या आळीतल्या सुलूताईंनीही आपली आणली. ती जास्त जाड होती.

साडेचारला हौसाबाई, लीलाधरशेठ आणि सुलूताई असे तिघं ठरले. हौसाबाईंनी पेन उचललं आणि थांबल्या.

"तू कोन गं कमिटीत?"

"मी संशोधक."

"आजाराचा अनुभव किती?"

"मला… नाही."

"मग कशी घ्यायची तुला?"

पावणेपाच झाले. "अहो, तीन आठवडे झोप नाही मला!" कृतिका ओरडली. "मेल आला की छातीत धडधडतं. काल नळ सोडून रडले बाथरूममध्ये!"

"डाक्टरला दावलं?" सुलूताईंनी विचारलं.

"नाही. ऑफिसमध्ये काय म्हणतील?"

तेवीस माणसांनी तिच्याकडे कीव येऊन पाहिलं.

"उद्या येते मी तुझ्यासंगती," हौसाबाई म्हणाल्या आणि सही केली. बाकी दोघांनीही केली. पाचला पाच कमी असताना फॉर्म गेला.

कृतिकाच्या नावाला मात्र लीलाधरशेठनी हरकत घेतली. तीन आठवडे ही काही सीनिऑरिटी नव्हे. बरीच चर्चा होऊन, तिला तूर्त शिकाऊ म्हणून ठेवून घेण्यात आलं.