स्टीफनसरांची पन्नास मीटर दोरी

शनिवारची सकाळची शाळा सुटून स्टीफनसर घरी आले, तेव्हा खुंटीवर दोरी नव्हती. पन्नास मीटर लांबीची, निळ्या रंगाची, डोंगरकडे उतरण्यासाठी खास पुण्याहून मागवलेली आणि अजून एकदाही न वापरलेली दोरी.

“एस्तेर, दोरी कुठंय?”

“शेजारचे सूर्यभानभाऊ घेऊन गेले. मोटर विहिरीत पडलीय म्हणाले,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. “तो पट्ट्यांचा लंगोटही नेला.”

“त्याला हार्नेस म्हणतात.”

“मी लंगोट म्हणूनच दिला. हार्नेस म्हटलं असतं तर मलाच सापडला नसता.”

सर खाली बसले. तिसगावच्या हायस्कुलात ते भूगोल शिकवत. सह्याद्रीचे कडे त्यांनी अकरा वर्षं फळ्यावर काढले होते आणि स्वतः घरच्या माळ्यावर चढताना मात्र एस्तेरला स्टूल धरायला लावलं होतं. हा कलंक पुसायला त्यांनी अकोले तालुक्यातल्या एका कड्यावर भरणाऱ्या नवशिक्यांच्या शिबिरात नाव घातलं होतं. रविवारी साठ फूट उतरायचं. त्याआधी, म्हणजे आजच संध्याकाळी सहाला, नगरला साहित्याची तपासणी. साहित्य बाद तर माणूस बाद.

त्यासाठी त्यांनी ‘नवशिक्यांसाठी साहसी खेळ व साहित्य’ ही बेचाळीस पानांची पुस्तिका मोबाईलवरून काढून, स्पायरल बायंडिंग करून पाठ केली होती. पान नऊवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ‘आपले साहित्य इतरांस वापरण्यास देऊ नये.’ हे पान गल्लीत कोणी वाचलं नव्हतं. सोमवारी सामान आलं. मंगळवारी सूर्यभानचा भाऊ वाल्मिक हेल्मेट घेऊन गेला. तो झाडावर चढून चिंचा झोडपत होता आणि खाली त्याची आई केशरबाई हेल्मेट घालून त्या वेचत होती. हेल्मेट परत आलं तेव्हा त्यात अर्धा किलो चिंचा होत्या. बुधवारी दोराला अडकवायची ॲल्युमिनियमची कडी गेली. ती सध्या एका शेळीच्या गळ्यात होती.

पण दोरी म्हणजे हद्द झाली. सर पुस्तिका घेऊन तरातरा विहिरीवर गेले.

विहिरीवर सात-आठ जण होते. जळालेली मोटर वर ओढताना जुना दोर तुटला होता आणि मोटर तळाशी, गुडघाभर पाण्यात बसली होती. गल्लीचे नळ याच विहिरीवर, त्यामुळे दोन दिवस कोणाच्याच घरी पाणी नव्हतं. सरांच्याही नव्हतं. त्यांच्या निळ्या दोरीवर वाल्मिक दोन्ही पायांनी उभा होता.

“दोरीवर पाय देऊ नये,” सर म्हणाले. “पान चौदा.”

“देवाची हाय का?” वाल्मिकनं अदबीनं विचारलं आणि पाय काढला. मग त्यानं हार्नेस दोन्ही हातांत घालून दाखवला. “सर, हे बंडीसारखंच ना?”

आता मात्र सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. “बंडी? अरे, हे कमरेला घालतात. इकडं आण. हा पाय इथं. हा पाय इथं. पट्टा असा ओढायचा. मग दोरीला आठाची गाठ मारून ती इथं अडकवायची. मग दोरी लिंबाच्या खोडाला एक वेढा देऊन...”

“दिला,” सूर्यभान म्हणाला.

“मग मागं चौघांनी धरायची...”

“धरली.”

“आणि उतरणाऱ्यानं विहिरीकडं पाठ करून हळूच मागं...”

दाखवता दाखवता सर खाली गेले.

वास्तविक त्यांना वर ओरडून सांगायचं होतं की हे फक्त प्रात्यक्षिक आहे. पण पान एकवीसवर ‘उतरताना बोलू नये, श्वासावर लक्ष ठेवावे’ असं होतं आणि ते नियमाचे पक्के होते. पाच मिनिटांनी ते तळाशी गुडघाभर पाण्यात उभे होते आणि काठावर आठ डोकी दिसत होती.

“सर, आता आलाच हाव तर मोटर बांधा,” सूर्यभानचं डोकं म्हणालं.

“आणि मी?”

“दोरी एकच हाय ना. आधी मोटर, मग तुमी.”

यात तर्काची चूक नव्हती, हेच सरांना जास्त लागलं. त्यांनी कमरेची गाठ सोडून ती मोटरीला मारली. मोटर डौलात वर गेली. वर एकच गलका झाला. मग कोणीतरी म्हणालं, पाथर्डीचा मिस्त्री शनिवारी एक वाजताच दुकान बंद करतो. मोटर चौघांनी वाल्मिकच्या टेम्पोत चढवली, ती गडगडू नये म्हणून बांधायला हवी होती, आणि बांधायला एकच दोरी होती.

“आलोच सर,” वरून आवाज आला. सगळ्यांना घेऊन टेम्पो निघून गेला.

विहिरीत मोबाईलला रेंज नव्हती. सर एका खडकावर बसून मनातल्या मनात भाषण तयार करू लागले. सुरुवात ‘नागरिकांनो’ अशी होती. पुढं खेळाबद्दलची अनास्था, दुसऱ्याच्या वस्तूबद्दलचा निष्काळजीपणा आणि शेळी, असे मुद्दे होते. दोन तास झाले. मुद्दे सतरा झाले. मग काठावर केशरबाईंचं डोकं दिसलं.

“सर? खाली काय करताव?”

“वाट बघतोय. दोरी पाथर्डीला गेलीय.”

“मग पायट्यांनी या की वर.”

“कशांनी?”

“पायट्यांनी. त्ये काय तुमच्या मागं, दगड भायेर काढल्यात एकावर एक. वाल्मिक आठवड्यातनं दोनदा उतरतो त्यांच्यावरनं.”

सरांनी मागं वळून पाहिलं. विहिरीच्या बांधकामातून तळापासून काठापर्यंत दगडी पायटे सरळ जिन्यासारखे वर गेले होते.

“मग मला दोरीनं कशाला उतरवलं?” सरांचा आवाज विहिरीत घुमला.

“आता काय सांगावं,” केशरबाई काठावर बसल्या. “नवं सामान आनलं आन कुनी मागाया आलं न्हाई, तर मानसाला लागतं. आमच्या सुनंनं मिक्सर आनला, तवा सहा घरच्या चटन्या वाटल्या तिच्यात. कुनाला गरज हुती? सूर्यभान म्हनला, सरांनी एवढी हौसनं दोरी आनली, खुंटीलाच लोंबती बिचारी. म्हनून घेतली. जुना दोर बदलायला वाल्मिककडं साखळी हाय की नवी.”

सर पायट्यांवरून वर आले. भीतीला जागाच नव्हती, इतका संताप होता. आपलं साहित्य लोकांनी ओरबाडलं, हे त्यांनी एकवेळ सोसलं असतं. पण ते दयेनं वापरलं?

चारच्या सुमारास दुरुस्त मोटर घेऊन टेम्पो आला. सरांनी सतरा मुद्दे बाजूला ठेवले आणि पान नऊ मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा. सगळ्यांनी खाली मान घालून ऐकलं.

“व्हय सर. चुकलंच आमचं,” सूर्यभान म्हणाला. “आता न्हाई मागनार कुनी.” त्यानं शेळीच्या गळ्यातली कडीसुद्धा तिथल्या तिथं काढून दिली.

मोटरसायकलवर दोरी टाकून सर सहाला नगरला पोचले. तपासणाऱ्या तरुणानं दोरीवरून हात फिरवला आणि हाताचा वास घेतला.

“हिनं काय ओढलंय?”

“पाच हॉर्सपॉवरची मोटर.”

“ऑईल लागलंय. कडेला घासून साल गेलीय. ही बाद, सर. पुढच्या वर्षी नवी घेऊन या.”

“पण मी आज विहिरीत उतरलोय. चाळीस फूट.”

“पान नऊ वाचलं नव्हतं का?” तरुण म्हणाला.

रविवारी कोणी कड्यावरून उतरलं असेल तर उतरलं. सर घरी होते. नळाला पाणी होतं. दोरी खुंटीवर, हेल्मेट कपाटावर. सोमवारी कोणी काही मागायला आलं नाही. मंगळवारी वाल्मिक दारावरून गेला, चिंचेची काठी खांद्यावर होती, डोकं उघडं होतं, आणि त्यानं घराकडं पाहिलंसुद्धा नाही. सरांनी हेल्मेट ओट्यावर आणून ठेवलं. बुधवारी दोरीही ओट्यावर आणली आणि दिसेल अशी पसरली. संध्याकाळी ती पुन्हा गुंडाळून ठेवली.

“काय झालं?” एस्तेरनं विचारलं.

“काही नाही. लोकांना माणसाची कदर नाही,” सर म्हणाले.

गुरुवारी शाळा सुटल्यावर ते दोरी खांद्यावर टाकून विहिरीवर गेले. सूर्यभान काठावर तंबाखू मळत बसला होता.

“काय सर, हिकडं कुठं?”

“सहज. विहिरीत काही पडलंबिडलं नाही ना?”

“न्हाई.”

“काहीच नाही?”

“न्हाई सर.”

सर उगीच लिंबाकडं बघत उभे राहिले. सूर्यभाननं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा दोरीकडं पाहिलं, तंबाखू तोंडात टाकली. मग काठावरची चांगली भरलेली बादली त्यानं पायानं हळूच आत ढकलली.

“पडली बघा,” तो म्हणाला.