लोखंडाला कुंकू

बाटलीचं झाकण मी उघडलं आणि आतली काळी पूड निखाऱ्यासारखी लाल होऊ लागली. मी दचकले, हात हलला, चमचाभर पूड पदरावर सांडली. पदरातून धूर निघू लागला. हिरेमठ सर दारात उभे होते, हातात झेंडूचा हार.

सर आमच्या सोलापुरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. मी त्यांच्या प्रयोगशाळेत झाडलोट करायची, काचेची भांडी धुवायची. रोजावर. शाळा चौथीपर्यंत. तरी लोखंड कसं मरतं ते मला विचारा. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

सर दुधनीचे, अर्धं कानडी बोलायचे. लग्न केलं नाही. सकाळी आले की माणसांना नमस्कार नाही, आधी भट्टीतल्या नळीपाशी जाऊन "ऊटा आयता?" म्हणजे जेवलास का, असं विचारायचे. नळीत लोखंडाची पूड असायची. तिला दोन वायू पाजायचे. एक हायड्रोजन आणि दुसरा धुराड्यातून निघतो तो, सोड्याच्या बाटलीत असतो तोच. खाली तेलाचे थेंब पडायचे. मी म्हटलं, बरं आहे, आमच्या गल्लीत धूर पुष्कळ.

पण काही दिवसांनी थेंब आटायचे. लोखंड काम सोडायचं. का सोडतं, हाच सरांचा घोर. घालताना पूड गंजाचीच असते, गेरूसारखी. हायड्रोजनने गंज उतरतो, मग ती धुरातला कार्बन पोटात घेते आणि तेव्हा कुठे नीट कामाला लागते. पण तेल करताना पाणीही सुटतं. त्या पाण्याने ती पुन्हा गंजते. शिवाय अंगावर काजळी बसते ती वेगळीच.

"मावशी, पाण्यानं मेलं का काजळीनं, एवढं कळलं की मी सुटलो बघा."

मी म्हणायचे, सर, माणूस मेला तरी एवढी चौकशी कोणी करत नाही.

एकदा संक्रांतीला माझ्या घरी आले. तिळगूळ हातातच, आणि तव्याच्या बुडाची काजळी खरवडून कागदात बांधून घेतली. सून मला आत नेऊन विचारते, डोक्याने बरे आहेत ना? मी म्हटलं, डोकं चांगलं आहे, तेच तर दुखणं.

त्या वर्षी त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. शेवटचा प्रयोग महिनाभर चालला. मेलेली पूड हवा न लागू देता त्यांनी बाटलीत बंद केली. दसरा झाला की परगावी मोठ्या यंत्राखाली धरायची होती. हवा लागली तर ती पेटते, नवा गंज चढतो, मग आतला जुना गंज कुठला ते कळत नाही. हे मला नंतर कळलं. आधी फक्त 'उघडू नका' असं सांगितलं होतं. मला वाटलं, सांडेल म्हणून सांगतात.

खंडेनवमीला मी वजनकाट्याला, पंपाला, भट्टीला हळदकुंकू लावलं. मग मनात आलं, राबलं लोखंड आणि कुंकू भट्टीला? हे काही बरोबर नाही. म्हणून झाकण काढलं.

बाटलीत बरीच पूड अजून काळी होती. लगेच झाकण लावलं असतं तर थोडी तरी वाचली असती. झाकण समोर टेबलावर पडलं होतं. सरांनी तिकडे पाहिलंही नाही. हार टाकला, धावत आले आणि माझा पदर दोन्ही हातांत चुरगाळून विझवला. तोवर बाटलीतली सगळी पूड लाल झाली आणि गेरू होऊन थंड पडली.

सरांनी भाजलेले तळवे नळाखाली धरले. मी म्हटलं, विभागप्रमुखांना मी सांगते.

"काय सांगता? रोजावरच्या माणसाला उद्यापासून येऊ नको म्हणतेत. साकु." साकु म्हणजे पुरे.

प्रमुखांना सरांनी सांगितलं, "झाकण माझ्या हातून निघालं." प्रमुख म्हणाले, इतकी वर्षं काढून सर तुम्ही असं करावं? सर नुसते हसले. मी तिथेच फरशी पुसत होते. मान वर केली नाही.

पुन्हा प्रयोग लावायला वेळ मिळाला नाही. सर दुधनीला गेले. ते लोखंड कशाने मेलं, कळलं नाही. मी पुढे तीन वर्षं तिथेच कामाला होते. पूड पेटली तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो.