चार पुस्तकांचा उन्हाळा

दौंडला मालगाडीचे गार्ड म्हणून एकतीस वर्षं काढून सोपानराव सत्त्याहत्तरच्या मार्चमध्ये निवृत्त झाले आणि निमोण्याला घरी आले, ते एकच इच्छा धरून: हा उन्हाळा नुसतं वाचायचं. नोकरीत वेळापत्रकापलीकडे त्यांनी काही वाचलं नव्हतं, आणि त्यातलंही फारसं खरं निघालं नव्हतं.

शिरूरच्या वाचनालयाची कौलं मे महिन्यात बदलायची होती, म्हणून मारुतराव ग्रंथपालांनी एकाऐवजी चार पुस्तकं न्यायची मुभा दिली. सोपानरावांनी निवडायला दोन तास लावले.

"पोरीला स्थळ बघताय का पुस्तक नेताय?" मारुतराव वैतागले.

"ताट कसं भरल्यालं पायजे, मारुतराव. नुसता भात किती खायचा?"

शेवटी ताट भरलं. एक खुनाची रहस्यकथा, एक प्रेमाची कादंबरी, एक कवितांचं पुस्तक आणि लोणचं म्हणून कोंबड्या पाळण्याविषयीचं एक.

घरी भागुबाईंनी परक्याची वस्तू खराब होऊ नये म्हणून पिठाची खळ करून चारही पुस्तकांना खाकी कागद चढवला. खळ जरा सढळ पडली. पहिली दोन पानं कागदाला अशी चिकटली, की नाव गेलं, लेखकही गेला. चारही पुस्तकं जुळ्या भावंडांसारखी दिसायला लागली. सोपानराव दोन दिवस दौंडला लग्नाला गेले, आणि परत येऊन बघतात तो कोनाडा रिकामा!

"अगं, पुस्तकं कुठं हायत?"

"दिली की. सारजाबाईंना वैशाखात वाचायला पोथी पायजे व्हती. बापूसाहेबांना कांद्याच्या शेतीचं, ताईबाईला स्वैपाकाचं, आन् तालमीतल्या आनंदरावाला व्यायामाचं."

"त्यात पोथी नव्हतीच! कांदाबी नव्हता!"

"मला काय ठावं? समदी खाकी. दारात आलेल्या माणसाला न्हाई कसं म्हणायचं वो?"

सोपानराव तसेच चपला घालून वसुलीला निघाले. ताईबाईच्या ओट्यावर तिचा नवरा तोंड पाडून बसला होता. कोंबड्यांचे आजार वाचल्यापासून तिनं रस्सा बंद केला होता, आणि राहिलेल्या दोन कोंबड्यांचा ती सकाळ-संध्याकाळ ताप बघत होती. पुस्तक द्यायचं नाव काढेना.

सोसायटीचे चेअरमन बापूसाहेब बाजेवर पडून उपरण्यानं डोळे पुसत होते.

"सोपानराव, तिचं लगीन त्या वकिलाशी व्हतं का वो? तेवढंच सांगा."

"मी वाचलंच न्हाई अजून."

"मग संपल्याबिगर मी देत न्हाई. उद्याची मीटिंगबी पुढं ढकललीय."

तालमीत आनंदराव मोठ्यानं कविता म्हणत होता आणि ओळीगणिक एक बैठक मारत होता. "चाल लई झ्याक हाय, आप्पा! एका कवितेत चाळीस बैठका निघत्यात!"

राहिल्या सारजाबाई. त्यांच्या अंगणात लिंबाखाली तीसेक बाया बसल्या होत्या. चौरंगावर खाकी पुस्तक, त्यावर हळदकुंकू, शेजारी उदबत्ती. सारजाबाई पोथीच्या सुरात आळवत होत्या, "फौजदार म्हणेऽऽ, दार उघडा सत्वरीऽऽ!" बाया हात जोडून माना डोलवत होत्या.

सोपानराव कानाशी जाऊन पुटपुटले, "सारजाबाई, ही पोथी न्हाई."

"पयल्याच दिवशी कळलं. तिसऱ्या पानाला सुरी निघाली. पर आता पाप्याला शिक्षा झाल्याबिगर ह्या बाया उठायच्या न्हाईत. बसा गप."

सोपानराव बसले. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्या झाल्या जागा धरून बसले. तिसऱ्या दिवशी भागुबाईही आल्या. चौथ्या दुपारी फौजदार सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून म्हणाला, "खुनी याच खोलीत आहे!" सारजाबाईंनी पान उलटलं, तर पुढे नुसता पुठ्ठा. शेवटची पानं नव्हतीच.

मग तीस बायांच्या माना एकदम सोपानरावांकडे वळल्या. पुस्तक त्यांनी आणलं होतं.

लेकरं निजवून, धुणी तशीच टाकून आलेल्या त्या बायांकडे बघून 'ठाऊक नाही' म्हणायची छाती त्यांना झाली नाही.

"सांगतो," ते म्हणाले. "खून माळ्यानं केला."

"गरिबावर कशाला घालता?" आक्काबाई कडाडल्या. "मामाच हाय तो!"

"व्हय व्हय, मामाच!" सगळ्या ओरडल्या.

"मी कवा न्हाई म्हणलो? माळ्यानं नुसतं दार उघडलं," सोपानराव घाईनं म्हणाले, आणि मग त्यांची गाडी सुटली. मामा पळाला, मालगाडीच्या डब्यात कडब्याखाली लपला. पाटसच्या चढाला गाडी रेंगाळली, तशी गार्डाला शिंक ऐकू आली. खाली उतरून त्यानं मामाला बखोटीला धरलं आणि केडगावला पोलिसांच्या हवाली केलं. बायांनी टाळ्या पिटल्या. सारजाबाईंनी आरती केली आणि पहिला प्रसाद सोपानरावांच्या हातावर ठेवला.

जूनमध्ये चारही पुस्तकं गोळा करून ते शिरूरला गेले. मारुतराव ओशाळले. "सांगायचं राह्यलं बघा. रहस्यकथेची शेवटची पानं सहा वर्षांमागंच कुणीतरी फाडलीत. मलाच अजून कळलं न्हाई, खून कुणी केला."

सोपानरावांनी इकडेतिकडे पाहिलं. "मामानं."

"कशावरनं?"

सोपानरावांनी कडब्यापासून केडगावपर्यंत सगळं सांगितलं. मारुतराव टेबलावर कोपरं टेकून ऐकत राहिले. मग त्यांनी कोरे कागद आणि दौत पुढे सरकवली. "लिहून द्या. मागं जोडून टाकतो."

दुपार कलेपर्यंत शेवट लिहून झाला. तेवढ्यात मारुतराव आतल्या खोलीतून धूळ झटकत आणखी तीन पुस्तकं घेऊन आले.

"ह्यांचीबी मागली पानं न्हाईत."

सोपानरावांनी तिन्ही पुस्तकं हावऱ्यासारखी जवळ ओढली.

"लिहीन की," ते म्हणाले, "पर आधी वाचावी लागत्याल."