मंजूचं मसाल्याचं बिस्कीट

पूर्णेच्या वाचनालयात चौतीस वर्षं पुस्तकं सांभाळलेल्या माणसाला एक साधं बिस्कीट जमू नये? मी ठामपणे जाहीर केलं, "मंजू, आठ दिवसांत तुझं मसाल्याचं बिस्कीट घरी तयार!" आणि लगेच घाबरलो. माझ्या ठामपणाचं आयुष्य काडेपेटीतल्या काडीएवढंच.

पण इलाज नव्हता. आमची लेक मंजुषा चौथ्या महिन्यात उलट्यांनी हैराण होऊन माहेरी आली होती. पोटात काही ठरत नव्हतं. डोहाळे लागले ते लहानपणी खाल्लेल्या भगवानरावांच्या बिस्किटांचे, आणि त्यांची बेकरी गेल्या वर्षीच बंद झालेली!

मी पद्धतशीर माणूस. आधी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा राखेनं, मग लिंबानं घासून तीन दिवस उन्हात ठेवला. इतका लखलखीत, की त्यात बघून दाढी करावी! मग वहीत मसाल्यांची यादी केली, कुकरची शिट्टी काढली, तळाला मीठ पसरलं आणि भिडलो.

पहिला घाणा लवंगेचा. मंजूनं एक तुकडा चावला. "नाना, दाताच्या डॉक्टरकडं बसल्यावानी वाटायलंय!"

दुसरा ओव्याचा. "अवो, ओवा बाळंतिणीला देतात! मला अजून पाच महिने हायत!"

तिसरा मिऱ्याचा. मंजू शिंकली, तिची आई तानुबाई शिंकली, आणि शेजारच्या शिवकन्येच्या शेळीनं हुंगून तोंड फिरवलं. ही शेळी मागच्या महिन्यात माझी टोपी खाऊन गेली होती!

"बास करा आता," तानुबाई म्हणाली. "पोरीला उपाशी ठेवायलात का?"

ते मात्र लागलं. सकाळच्या एसटीनं येलदरी गाठली. भगवानराव आता तिथं लेकाकडं राहतात. त्यांच्या दारावरून तीनदा गेलो. कुणाला त्याच्या धंद्याचं गुपित कसं विचारावं? चौथ्या फेरीला त्यांनीच हाक मारली.

"नाना, काय हरवलंय का?"

"तुमच्या बिस्किटातला मसाला," मी पुटपुटलो.

म्हातारा पोट धरून हसला. "मसाला? मैदा, साखर, डालडा अन् चिमूटभर सोडा. मसाला कधी न्हवताच!"

घरी येऊन हे सांगितलं, तर तानुबाई जागीच थबकली. "अवो, आमटीच्या मसाल्याचा, येसराचा डबा त्यो! येसर सरलं की तुमी त्यातच बिस्किटं ठेवायचात. तीस वर्षांचा वास मुरलेला! कुठं हाय त्यो डबा?"

मी फळीवरच्या लखलखाटाकडं बोट दाखवलं.

तिनं आधी कपाळावर हात मारला, मग पदर तोंडाला लावून हसत सुटली. त्याच दुपारी धने, डाळी, मसाले भाजून ताजं येसर केलं आणि डब्यात दाबून भरलं. चार दिवसांनी ते काढून, भगवानरावांच्या प्रमाणानं मी भाजलेली साधी बिस्किटं त्यात ठेवली.

दुसऱ्या सकाळी मंजूनं एक खाल्लं. मी बादली घेऊन उभा! तिनं दुसरं खाल्लं. पाचवं खाल्लं. दुपारपर्यंत बादली कोरडीच!

"हेच ते, नाना! काय घातलंत?"

"अनुभव," मी म्हणालो. तानुबाईला ठसका लागला.

शिवकन्येनं कृती मागितली, तेव्हा कुणीतरी आपल्याला काही विचारतंय या आनंदात मी सुवाच्य अक्षरात मुख्य सूचना लिहून दिली: 'डबा कधीही धुऊ नये.'

तेव्हापासून ती आमच्याकडं पाणीसुद्धा पीत नाही.