लाल कमानीसमोरून पलीकडे जाण्याबाबत

माणूस कुठे उभा राहतो यावरून त्याची सभ्यता कळत नाही. तो कुठून बाजूला होतो यावरून कळते. हे वाक्य आमच्या कुसाउरा गावच्या आळी-मंडळाच्या कचेरीत भिंतीवर लावलेलं आहे. (लावलं मीच. मी मंडळाचा उपचिटणीस. चिटणीस रस्त्याच्या पलीकडे आहेत, आणि म्हणून कारभार सध्या माझ्याकडे आहे. माझी तक्रार नाही.)

कुसाउरा म्हणजे खरं तर जपानच्या किनाऱ्यावरचा एकच रस्ता. वर टेकडीवर देऊळ, खाली समुद्रात पाय बुडवून उभी असलेली देवाची लाल कमान, आणि दोन्हींना जोडणारा सरळ उतार. उताराच्या पूर्वेला निम्मं गाव, पश्चिमेला निम्मं. देवळाच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की रस्ता, कमान आणि समुद्र एका ओळीत दिसतात. पूर्वजांनी हे मुद्दाम केलं नव्हतं. आपण काय करून ठेवतोय याची त्या बिचाऱ्यांना कल्पना नव्हती.

कोणी फोटो काढत असेल तर थांबावं, मान लववावी, त्याचं झालं की मगच पुढे जावं, हे आमच्याकडे पोरांना चालण्याच्याही आधी शिकवतात. पूर्वी यामुळे कुणाचं काही अडत नसे. दिवसाकाठी एखादा पाहुणा यायचा, एक फोटो काढायचा, गावाने तेवढा वेळ श्वास रोखायचा, त्याने मान लववायची, गावाने मान लववायची, की व्यवहार सुरू. पुढे आमची कमान ‘मरण्याआधी पाहायलाच हवीत’ अशा स्थळांच्या कुठल्याशा यादीत गेली, आणि जगात मरणारी माणसं किती आहेत ते आमच्या लक्षात आलं.

शिवाय एक पाहुणा एक फोटो काढतो हा जुना समज. मंडळाच्या पाहणीनुसार तो आडवा काढतो, उभा काढतो, बायकोला घेऊन काढतो, बायकोला वगळून काढतो, मग बायको ते सगळे बघते आणि पहिल्यापासून सुरुवात होते. दोन फोटोंच्या मधल्या ज्या रिकाम्या वेळात सभ्य माणूस रस्ता ओलांडू शकतो, तो वेळ हळूहळू आटत गेला आणि एका वसंतात, साकुरा ऐन बहरात असताना, पार संपला. त्या क्षणी जो जिथे होता तो तिथेच राहिला.

वळसा घालून जावं की, असं तुमच्या मनात आलं असेल. आमच्याही आलं होतं. टेकडीमागून वाट आहे. पण त्या वाटेवर देवाच्या राखणीचे शेवाळलेले दगडी कोल्हे आहेत, आणि त्यांनाही पाहुणे असतात. रात्री जावं, तर रात्री ताऱ्यांचे फोटो निघतात, आणि त्यासाठी कॅमेऱ्याचा डोळा अर्धा-अर्धा तास उघडा ठेवतात. त्यापेक्षा दिवस परवडला. पादचारी पुलाचा ठराव मंडळाने एकमताने मंजूर केला होता. मग कोणीतरी म्हणालं की पूल फोटोत येईल. तितक्याच एकमताने तो रद्द झाला.

या व्यवस्थेचे फायदे अनेक झाले. शाळा पश्चिमेला आणि मुख्याध्यापक पूर्वेला राहिल्याने शाळेचा निकाल सुधारला. न्हावी पूर्वेला असल्याने इकडच्या लोकांचे केस आठवड्याला कापले जातात (आता कापण्यासारखं फारसं उरलेलं नाही, पण त्याचं दुकान चालायला हवं), आणि पश्चिमेकडच्यांना आपले पूर्वज कसे दिसत असतील याचा अंदाज येऊ लागला. सार्वजनिक न्हाणीघरही पूर्वेलाच आहे. पश्चिमेकडच्यांबद्दल मी काही बोलणार नाही. आमच्याकडे वारा बहुधा पूर्वेकडून वाहतो. उत्सवाच्या दिवशी खुद्द देवाची पालखी देवळाच्या दारात खांद्यांवर अडली आणि संध्याकाळी तशीच आत गेली. देवाकडून हरकत आली नाही.

हरकत आली ती एका बाईकडून. आमच्या तोफूवाल्याची बायको सातोए.

तोफूवाला तोकुजी निशिओका, रस्ता अडला त्या सकाळी, ‘चुलीवरचं पाणी उकळायच्या आत येतो’ असं सांगून पश्चिमेकडच्या आपल्या दुकानातून निघाला, सोयाबीनचं पोतं घ्यायला पूर्वेला आला आणि अडकला. तेव्हापासून पूर्वेला सोयाबीन आणि तोफूवाला, पश्चिमेला भट्टी आणि तोफूवाली, आणि तोफू कुठेच नाही, अशी परिस्थिती आहे. तोकुजी माझ्याच माडीवर झोपतो. रोज उजाडलं की पोतं खांद्यावर घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहतो. समोरच त्याचं दार.

व्हिडिओत आवाज येतो म्हणून आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला कुजबुजतच बोलतो. सातोएबाईंना कुजबुजण्याची सवय नाही.

“अहो, सोयाबीन आणायला गेलात की पेरायला?”

“अगं, आलोच. या बाईचं एवढं होऊ दे.”

“ती कालचीच ना?”

“कालची छत्रीवाली. ही टोपीवाली.”

“बायका बऱ्या ओळखू येतात. घरात स्वतःचा चष्मा सापडत नाही तो?”

यावर तोकुजी पोतं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत असे, एवढंच. त्याला घरी जायचं होतं. सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतंच त्याच्याकडे.

हिवाळ्यात सातोएबाई खोकू लागल्या. दवाखानाही पूर्वेला. डॉक्टर ओगुशींनी कर्तव्यात कसूर केली नाही. दुर्बीण मागवली, रस्त्याच्या कडेला स्टूल टाकलं आणि खुणेने जीभ दाखवायला सांगितलं. सातोएबाईंनी दारात उभं राहून जीभ काढली. नेमका तेवढ्यात कोणीतरी फोटो घेतला आणि तो ‘कुसाउरातलं पारंपरिक स्वागत’ म्हणून जगभर फिरला. हल्ली पाहुणे आले की आम्हाला जीभ दाखवतात. आम्हीही दाखवतो, आलेल्याचा मान राखायला हवा.

डॉक्टर दुर्बीण खाली ठेवून म्हणाले, “औषध काय, गोफणीनेसुद्धा फेकता येईल. पण यांना उठवायला, बसवायला, पेज करून द्यायला घरात माणूस हवा. असं एकटं राहून हा हिवाळा निघायचा नाही.”

“माणूस मी आहे ना,” तोकुजी म्हणाला. त्याचा आवाज फाटला. व्हिडिओत तो गेला असणार.

त्याच दिवशी त्याने मंडळाकडे रीतसर अर्ज केला: बायको आजारी आहे, एकदा फोटोत यायची परवानगी मिळावी. असा अर्ज कुसाउराच्या इतिहासात झालेला नव्हता. अध्यक्षा माकिनोबाईंनी तातडीची सभा बोलावली. तोकुजीला समुद्राच्या रंगाचे कपडे घालून पाठवावं, ही सूचना आली. पण समुद्र दिवसभरात रंग बदलतो. गुडघ्यांवर रांगत पाठवावं, तर तो हालत असलेला दिसणार. पाहुण्यांनाच थोडं थांबायला सांगावं, असं न्हावी म्हणाला. सभेत इतकी शांतता पसरली की त्याने स्वतःच माफी मागितली.

शेवटी माकिनोबाई बोलल्या. हुशार बाई. “मला सांगा, माणूस मध्ये आला तर फोटो बिघडतो. पण देखावाच मध्ये आला तर?”

कोणाला कळलं नाही.

“यांना गवताची टोपी घाला. खांद्यावर कावड द्या, दोन्हीकडे लाकडी बादल्या. मग ते पलीकडे चाललेले निशिओका नाहीत. जुनं जपान आहे. जुनं जपान मध्ये आलं तर कुणाला त्रास होत नाही.”

हा तर्क बिनतोड होता. माझ्या आजोबांची टोपी माझ्याच माळ्यावर होती. कावड देवळातून आली. सोयाबीन दोन बादल्यांत वाटलं. तोकुजी आयुष्यभर प्लॅस्टिकच्या टबातून तोफू विकत आलेला माणूस. त्याला कावड पेलेना. “अगदी आजोबांसारखा दिसतोस,” मी म्हणालो. “मला माझ्यासारखंच जाऊ दे रे,” तो म्हणाला. पण जाणार होता, म्हणून खूश होता. खोटं कशाला सांगू, मलाही गहिवरून आलं. माडी रिकामी होणार होती.

तो रस्त्यात उतरला. वर पायऱ्यांवर एकदम ‘अहाहा’ झालं. कॅमेरे पावसासारखे वाजायला लागले. रस्त्याच्या मधोमध पोचल्यावर त्याला दारात उशीला टेकून बसलेली सातोए दिसली आणि त्याने हात वर केला. तिनेही केला. आणखी थोडी पावलं, की घर.

“एक्सक्यूज मी,” वरून आवाज आला. “वन मोअर?”

एका बाईंच्या फोटोत डोळे मिटले होते. तोकुजीचे नव्हेत, पुढे उभ्या असलेल्या त्यांच्या नवऱ्याचे. आता परक्या देशातून, एवढा खर्च करून आलेल्या माणसाला नाही म्हणायला जीभ रेटते का? आमची रेटत नाही. तोकुजीने दाराकडे पाहिलं, तो कंबरेत वाकला आणि मागे फिरला.

“अहो, कुठे चाललात?”

“अगं, झालंच. एवढा एकच.”

तेव्हापासून तो एवढा एकच चालू आहे. रिकामा रस्ता आता कोणी काढत नाही. सगळ्यांना टोपीवाला म्हातारा हवा असतो. तो पूर्वेकडून निघतो, मधोमध हात वर करतो, आणि दाराजवळच्या गटारापाशी पोचला की हाक येते: जरा सावकाश. जरा उन्हात. हात वर केलेला छान वाटतो, पुन्हा करा ना. मंडळाने त्याची नोंद रहिवाशांतून काढून प्रेक्षणीय स्थळांत केली आहे. त्यामुळे त्याचा मान वाढला, पण एक अडचण झाली. रहिवाशाला घरी जायचा हक्क असतो. स्थळाने घरी जावं अशी तरतूद कुठल्याच नियमावलीत नाही. मी दोनदा शोधलं.

सातोएबाई काही दिवस दारात बसून बडबडायच्या. “त्या बाईला म्हणावं, म्हातारा माझा आहे. तुला हवा असेल तर माझा खोकला घेऊन जा.” मग बडबड कमी झाली. मग नुसता हात वर व्हायचा. गेल्या आठवड्यापासून दार बंद आहे. बंद दारातून दुर्बिणीला काही दिसत नाही, असं डॉक्टर म्हणतात. तोकुजीने मला विचारलं, “आत उजेड दिसतो का रे?” मी म्हणालो, ऊन आहे, दिसत नाही. तो रस्त्यात उतरला आणि मधोमध जाऊन बंद दाराला हात केला. वरून टाळ्या पडल्या.

आता तुमच्याकडचा फोटो काढून बघा. हो, तुम्हीच, कमानीच्या सहलीत तुम्हीही होतात, नाहीतर जायचं ठरवलेलं तरी आहे. लाल कमान, निळा समुद्र, मधोमध टोपीवाला म्हातारा, हात वर. खाली तुम्ही लिहिलंय, ‘किती प्रेमळ माणसं! अनोळखी माणसालाही हात करतात.’ फोटो खरंच सुरेख आलाय. पण तुम्ही तो बघितलात, मान हलवलीत, आणि काहीच न बोलता पुढच्या देवळाकडे निघून गेलात. फोटो आवडला की नाही, आम्हाला कळलंच नाही. न आवडल्यास पुन्हा चालायला हवं, म्हणून तोकुजी अजून गटारापाशी वाकून उभा आहे. दार चार पावलांवर आहे. तेवढं कळवलंत तर बरं होईल.