टिपणीससान सहल काढतात

टिपणीसच्या गाडीत बसायचं असेल तर बूट काढावे लागतात. मोठी व्हॅन आहे त्याची. सरकत्या दाराशी प्लास्टिकचा ट्रे ठेवलेला असतो. त्यात आपले बूट ठेवायचे, तेही टोकं बाहेर करून, म्हणजे उतरताना पाय थेट बुटात जातात. मग त्याने दिलेल्या कापडी सपाता चढवायच्या आणि सोवळ्यातल्या माणसासारखं अंग चोरून आत बसायचं. चालवणारा मात्र स्वतः बूट घालूनच चालवतो. माझ्या मुलीने, ईराने, एकदा त्याला पकडलं. "But काका, you're wearing shoes!" तर हा गंभीरपणे म्हणाला, "जपानात ड्रायव्हरला सूट असते." खरी असते की नाही, देव जाणे. जपानात जाऊन कोण बघून येणार?

तीच तर त्याची सोय आहे. अविनाश टिपणीस, वय पन्नाशीच्या पुढे, लग्न राहून गेलेलं, मूळचा पुण्याचा. कंपनीने तरुणपणी कधीतरी तीन वर्षं जपानला पाठवलं होतं. अमेरिकेत येऊन त्याच्या तिप्पट वर्षं झाली, पण त्यांचा याच्या अंगावर ओरखडाही नाही. रेडमंडमध्ये आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये समोरच्या बिल्डिंगीत राहतो, आमच्यासारखाच कोड लिहितो, आमच्यासारखाच पावसाला शिव्या घालतो, आणि मग आमचं कुणाचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणतो, "जपानात असं नसतं."

बस उशिरा आली, जपानात असं नसतं. वॉशिंग मशीनमध्ये कुणी कपडे विसरलं, जपानात असं नसतं. आमच्या गणपतीत प्रसादाला झुंबड उडते म्हणून एका वर्षी याने हॉलच्या फरशीवर रंगीत चिकटपट्ट्या लावून रांगा आखल्या, बाण काढले. मंडळी त्या बाणांवर पाय देऊन सरळ शिऱ्याकडे गेली. हा कोपऱ्यात उभा राहून मान हलवत होता. आम्ही त्याला चिडवायला 'टिपणीससान' म्हणायला लागलो, कारण जपानी लोक म्हणे नावामागे आदराने 'सान' लावतात. याला ते इतकं आवडलं की त्याने मेसेजखाली स्वतःच तशी सही करायला सुरुवात केली. अशा माणसाची टिंगल करण्यातही काही राम राहत नाही.

आता या माणसाचा खरा उपद्रव. आमच्याकडे वर्षातले बरेच महिने आभाळ गळत असतं. उन्हाळ्यातले मोजके शनिवार हीच काय ती आमची इस्टेट. त्या शनिवारांवर टिपणीसने कब्जा केला होता. एका दिवसाच्या सहली काढायच्या, आणि त्या 'पद्धतशीर' काढायच्या. मुक्कामाला पोचलो की हा सेल्फी-स्टिकला केशरी रुमाल बांधून पुढे चालणार आणि आपण मागून जायचं. गाडीत फोनवर बोलायचं नाही. गाणी लावायची नाहीत. कचरा कचराकुंडीत टाकायचा नाही, पिशवीत भरून घरी आणायचा. समोर कुंडी आ वासून उभी असली तरी. आणि जेवण त्याच्याकडचं. प्रत्येकाला खण पाडलेला डबा, आणि मधल्या खणात मेतकूट-भाताचा त्रिकोणी गोळा, समुद्री शेवाळाच्या काळ्या कागदात गुंडाळलेला. पुण्याच्या मेतकुटाची आणि जपानच्या समुद्राची अशी सोयरीक कुणी जुळवली नसेल. ती टिकायची नाही हे पहिल्या घासाला कळतं.

मंडळी सोसून सोसून थकली. शेवटी या जूनमध्ये देवधरने गुपचूप वेगळा ग्रुप काढला, 'फक्त मज्जा' नावाचा. त्यात टिपणीस सोडून सगळे. शनिवारच्या सहली यापुढे आपल्या आपण, गाणी लावून, वडापाव खात. ठराव बिनविरोध पास झाला. प्रश्न एवढाच उरला की मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची.

ती माझ्या हातात आली, कारण माझी आई. आई नागपूरहून उन्हाळ्यासाठी आली होती. सुपरमार्केटच्या पार्किंगमधून एका स्वच्छ संध्याकाळी तिला माउंट रेनियर दिसला, आभाळात कुणी बर्फाचा ढीग टांगून ठेवावा तसा, आणि तिने हट्टच धरला. टिपणीसने हे ऐकलं मात्र, लगेच सहल जाहीर केली. "काकूंना आपला फुजी दाखवू." बाकीच्यांनी एकेक करून कॅन्सल केलं. माझी बायको मुग्धासुद्धा ऑन-कॉल असल्याचं खोटं बोलून घरी राहिली. राहिलो मी, आई आणि ईरा. देवधरचा फोन आला, "यार, तूच सांग त्याला आज. आई बरोबर आहेत, म्हणजे तो आवाज चढवणार नाही. यापुढे सहल काढू नका, लोकांना नको आहे, बस." मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला त्यात वाईट काहीच वाटलं नाही. उलट जरा गुदगुल्याच होत होत्या.

सकाळी खाली उतरलो तर हा दाराशी उभा. आईला वाकून नमस्कार, म्हणजे आपला नव्हे, कमरेतून घडी घालून केलेला. आईने "सुखी रहा" म्हणत त्याच्या डोक्यावर हात ठेवला, त्यामुळे बिचाऱ्याला वर येता येईना. आईने सपाता मात्र कौतुकाने घातल्या. "पायाला ऊब आहे रे, अवि." पहिल्याच भेटीत अवि! गाडीत बोलायचं नाही, या नियमाचा तर तिने पार्किंगमधून बाहेर पडायच्या आत निकाल लावला. तिला गप्प बसा म्हणायची त्याची छाती झाली नाही. नागपूरच्या उन्हापासून माझ्या मावशीच्या गुडघ्यांपर्यंत ती बोलत राहिली आणि टिपणीस आरशात बघून मान डोलवत राहिला.

माझं लक्ष कशातच नव्हतं. मी मनात वाक्य जुळवत होतो. 'टिपणीस, तुम्ही इतकं करता, पण लोकांना आता जरा मोकळीक हवी आहे.' चांगलं होतं. इंग्लिशमध्ये आणखी सोपं गेलं असतं, पण आईसमोर ते बरं दिसलं नसतं.

वर पोचलो तर डोंगर गायब. समोर नुसता पांढरा ढग, जणू कुणी अंगणात चादर वाळत घातली आहे. आजूबाजूला माणसं फोटो काढत होती ते कशाचे, ते त्यांनाच ठाऊक. टिपणीसचा चेहरा पडला. तो आईसमोर येऊन पुन्हा कमरेतून वाकला.

"माफ करा, काकू. आज डोंगर नाही."

"अरे, तू काय खिशात घातलास का तो?" आई म्हणाली. "ऊठ बघू."

तरीही त्याने केशरी रुमाल काढलाच. तीन माणसांच्या पुढे झेंडा घेऊन चालणारा तो माणूस बघून एका अमेरिकन कुटुंबाने अदबीने वाट सोडली. त्यांना बहुतेक एखादा धार्मिक विधी वाटला असावा. पाटीखाली ग्रुप फोटो झाला. तीन जणांच्या त्याने दोन रांगा केल्या. आई पुढच्या रांगेत, मी आणि ईरा मागच्या. डोंगर नव्हताच, पण त्याच्यासाठी जागा सोडा म्हणून मला डावीकडे सरकवलं. ईरा पुटपुटली, "This is so embarrassing." मला पोरीचा अभिमान वाटला.

जेवताना आईने काळा कागद उलटसुलट करून पाहिला.

"हे काय रे?"

"समुद्रातलं शेवाळ, काकू. शुद्ध शाकाहारी."

आईने एक घास खाल्ला. आता ती काहीतरी सणसणीत बोलणार म्हणून मी वाट बघत होतो. तर ती म्हणाली, "मेतकूट घरी केलेलं दिसतंय." टिपणीस लाजला. लाजलेला टिपणीस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. आणखी एकदा बघायची इच्छा नव्हती.

जेवणानंतर आईचे गुडघे बोलायला लागले, ती बाकावर टेकली. टिपणीस तिच्या शेजारी बसला. ईराला जवळ साचलेलं बर्फ हातात घ्यायचं होतं, म्हणून मी तिच्याबरोबर गेलो. तिथे उभा राहून मी ठरवलं, आता परत जायचं, टिपणीसला जरा बाजूला घ्यायचं आणि सांगून मोकळं व्हायचं. ईराला तिथेच खेळत ठेवून मी मागच्या पायवाटेने बाकाकडे आलो. दोघांची पाठ माझ्याकडे होती. आई त्याला विचारत होती.

"जपानातही असाच हिंडायचास का रे?"

"दर रविवारी, काकू. पहाटे निघायचं, संध्याकाळी परत. देवळं, समुद्र, बागा, सगळं पाहिलं."

"बरोबर कोण असायचं?"

"कोणी नाही. मला भाषा कुठे येत होती तेव्हा? तिथे झेंडा घेतलेले गाइड असायचे, त्यांच्या मागून म्हातारी माणसं जायची. मी त्यांच्या मागे थोडं अंतर ठेवून चालायचो. काही कळायचं नाही, पण सगळे हसले की मीही हसायचो. एकदा त्यांचा फोटो काढत होते, तर एका आजींनी मला हाताला धरून रांगेत उभं केलं. तो फोटो कुणाकडे असेल, कुणास ठाऊक."

"मग घरी आल्यावर?"

"घरी येऊन काय, काकू. खोलीत बसायचो. डोक्यात सगळं ताजं असायचं. तिकडे रीत आहे, सहलीहून येताना ऑफिसच्या लोकांसाठी तिथली मिठाई आणायची. मीही आणायचो. टेबलावर डबा ठेवायचो. लोक एकेक उचलायचे, थँक यू म्हणायचे. कुठे गेला होतास, काय पाहिलंस, असं कुणी विचारलं नाही. चांगली माणसं होती हो. तिकडे कुणाच्या खासगी गोष्टीत शिरत नाहीत."

"आणि आई?"

"ती मी जायच्या आधीच गेली होती."

आईने त्याच्या मांडीवरचा डबा उचलला, उरलेला भाताचा गोळा अर्धा केला, अर्धा त्याच्या हातावर ठेवला आणि अर्धा स्वतः खाल्ला. मी पायवाटेवर तसाच उभा. माझं जुळवलेलं वाक्य तोंडापर्यंत आलं होतं, ते गिळलं. मला या माणसाचा राग यायला लागला. इतकी वर्षं हा आमचं डोकं खात होता, त्यातल्या एका तरी शनिवारी सरळ हे सांगायला काय झालं होतं? पण कुणाला सांगणार होता? तो 'जपानात' म्हणाला रे म्हणाला की आम्ही विषय बदलत होतो.

परतताना गाडीत आई झोपली, ईराही झोपली. मी पुढे त्याच्या शेजारी बसलो होतो. सांगायला याहून चांगली संधी मिळणार नव्हती. मी विचारलं, "पेट्रोल भरायचं आहे का?" तो नाही म्हणाला. संपलं आमचं बोलणं.

आम्हाला उतरवताना त्याने परत घडी घातली. आई म्हणाली, "वर पोचलास की फोन कर मला. आजचं सगळं सांग."

"अगं आई," मी म्हटलं, "तो समोरच्या बिल्डिंगीत राहतो. आणि आपण दिवसभर त्याच्याबरोबरच तर होतो."

"तुला विचारलं का मी?" आई म्हणाली.

घरात शिरलो तर मुग्धाने दारातच विचारलं, "सांगितलंस?" मी हातानेच 'नाही' केलं. ती म्हणाली, "अरे, पण देवधरने पुढच्या शनिवारचं बुकिंग केलंय. आजच सांगून टाक, फोनवर सांग. गोड बोलून सांग, पण सांग." माझ्या फोनवर देवधरचेही मेसेज येऊन पडले होते, 'काय झालं? काम फत्ते?' बाहेर अजून लख्ख उजेड होता. आमच्याकडे उन्हाळ्यात सूर्य मावळायला तयारच नसतो.

मग आईचा फोन वाजला. टिपणीस. आईने स्पीकर लावला, कारण तिला दुसरं बटण सापडत नाही.

"पोचलो, काकू."

"बरं झालं. मग, काय काय पाहिलंस?"

तो म्हणाला, "डोंगर दिसला नाही, काकू. ढग होते."

"असू दे. आणखी काय पाहिलंस?"

आणि टिपणीस सांगायला लागला. वाटेत नदीचं पाणी दुधासारखं पांढरं होतं. कुरणात निळी फुलं होती. ईराने बर्फाचा गोळा केला आणि तो बाबांच्या कॉलरमध्ये टाकायचा तिचा विचार होता, पण धीर झाला नाही. हे मला माहीतच नव्हतं. एका म्हाताऱ्या अमेरिकन जोडप्याने एकाच काठीला दोघांनी हात लावून चढण चढली. तेही मी पाहिलं नव्हतं. आई दर वाक्याला "मग?" म्हणत होती, जणू ती तिथे गेलीच नव्हती. 'जपानात' हा शब्द त्याच्या तोंडून एकदाही आला नाही.

मुग्धा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मला डोळ्यांनी खुणावत होती. बोलणं थांबल्यावर मी आईच्या हातातून फोन घेतला.

"टिपणीस, पुढच्या शनिवारी कुठे?"

"बाकीची मंडळी येणार आहेत का?" त्याने विचारलं. म्हणजे त्याला ठाऊक होतं. आम्हाला वाटत होतं तितका तो बावळट नव्हता.

"नाही. बाकीचे नाहीत येणार. आम्ही आहोत."

मुग्धाने कपाळाला हात लावला. देवधरला काय सांगायचं, ते मी नंतर बघणार होतो. टिपणीस म्हणाला, "चालेल. जरा काकूंना द्या ना फोन. एक सांगायचं राहिलंय."

मी आईला फोन दिला. तिने पाय वर घेतले, खुर्चीत नीट बसली आणि म्हणाली, "हं, सांग."