एकमताने जोडलेली रायफल

माणसाचा स्वभावच असा आहे की दुसऱ्याचं मन मोडण्यापेक्षा त्याला चुकीचा भाग बसवणं बरं वाटतं. सुसंस्कृत समाज याच पायावर उभा असतो, आणि हेमलॉक रिज नेमबाजी क्लबाइतका सुसंस्कृत समाज पेनसिल्वेनियाच्या आमच्या डोंगराळ भागात दुसरा नाही. मी या क्लबाचा चिटणीस. एकोणीस वर्षं बिनविरोध (बाकी कोणाचं अक्षर वाचता येत नाही).

सभासद त्रेसष्ट. प्रत्येकाच्या तळघरात एक खोकं असतं आणि खोक्यात लष्करी धाटणीच्या रायफलींचे सुटे भाग. रायफल सबंध विकत घेण्याची आमच्यात पद्धत नाही. माणूस आधी एक स्प्रिंग घेतो आणि मग त्या स्प्रिंगला शोभेल अशी रायफल आयुष्यभर जमवत बसतो. यातला एखादा भाग टाकून द्याल का, अशी पाहणी मी एकदा केली होती. छप्पन्न जणांचा चेहरा उतरला. उरलेल्या सहांनी पाहणी करणाऱ्याला (म्हणजे मला) जिन्यावरून वर हाकललं.

या रायफलीची दोन घराणी आहेत, लांब आणि आखूड. आखूड असते तिला कार्बाइन म्हणतात. दोघी दिसायला सख्ख्या बहिणी, बरेचसे भाग एकमेकींना चालतात, आणि घोटाळा तिथेच होतो. खांद्याला टेकवायच्या दस्त्याच्या आत एक नळी असते, नळीत स्प्रिंग आणि स्प्रिंगच्या पुढे बफर नावाचा ठोकळा. गोळी सुटली की आतला बोल्ट नावाचा सरकता दांडा धाडकन मागे येतो, ठोकळा त्याला आवरतो, स्प्रिंग पुन्हा पुढे ढकलते. लांब नळीला लांब ठोकळा लागतो, आखूड नळीला आखूड. लांब नळीत आखूड ठोकळा घातला तर तो बसतो, अगदी छान बसतो, फक्त बोल्ट थांबायच्या जागी थांबत नाही. आणखी मागे जाऊन रायफलीच्या चौकटीवर आदळतो. हे कोणालाही एका दमात कळतं. (त्यावर आम्ही तीन सभा घेतल्या.)

दर सप्टेंबरात आमच्या काउंटीतल्या चार क्लबांची एक लढत होते. सभासदांनी आपापल्या खोक्यातले भाग देऊन जोडलेली रायफल आणायची आणि एका नेमबाजाने साठ सेकंदांत दहा गोळ्या मारायच्या. जिंकणाऱ्या नेमबाजाचं नाव मैदानावरच्या ओकच्या फळीवर कोरतात. त्या फळीवर आमच्यापैकी कोणाचं नाव येऊन अकरा वर्षं झाली. यंदा मात्र आशा होती, कारण अर्लीन कोवाच होत्या.

अर्लीनबाई सदुसष्ट वर्षांच्या. तीस वर्षं शाळेची बस चालवली, निम्मी काउंटी त्यांच्या ओरड्यात वाढली. या लढतीत चारदा दुसऱ्या आल्या होत्या. उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं की उजव्या डोळ्याचा मधला भाग चालला आहे. पुढच्या सप्टेंबरात निशाणाच्या कडा दिसतील, मध्य दिसणार नाही. शुक्रवारच्या मासे-बटाट्यांच्या जेवणाला बाई हातात ताट घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला त्या फळीवर नाव हवंय. यंदा नाही तर कधीच नाही. एवढं एक करा रे माझ्यासाठी." सगळ्यांना भरून आलं. ताबडतोब उपसमिती नेमण्यात आली.

आमचे अध्यक्ष वेंडल क्रुपा लांब घराण्याचे, उपाध्यक्ष गस बार्नहार्ट आखूड. दोघांचं कॉफी किती कडक असावी यावरही एकमत नाही. वेंडलने आपल्या दिवंगत वडिलांच्या रायफलीचा लांब दस्ता नळीसकट दिला. गसने बारा वर्षं न फोडलेलं पाकीट दिलं, आत आखूड ठोकळा आणि आखूड स्प्रिंग. आता, नियम चौदा असा आहे की सभासदाची देणगी नाकारता येत नाही. पूर्वी एका सभासदाने भुसा भरलेलं अस्वल दिलं होतं आणि क्लबाने ते नको म्हटलं. तो आपले सहा नेमबाज मुलगे आणि अस्वल घेऊन शेजारच्या क्लबात गेला. अकरा वर्षं फळीवर त्याच घरातली नावं आहेत.

सभेत अर्लीनबाई कॉफीचा एक डबा घेऊन आल्या. डब्यात लांब ठोकळा आणि लांब स्प्रिंग होती.

"वेंडल, अरे हे एकमेकांत चालत नाही. हा डबा घे, दोन मिनिटांचं काम आहे."

"अगं, पण मग गसचं काय?"

"त्याचं काय?"

"त्याचा एकही भाग लागणार नाही."

"राहू दे, राहू दे," गस म्हणाला. "माझं कशाला? मी इथे खुर्च्या मांडायलाच येतो."

"मग गसचा ठोकळा ठेवा आणि नळीच आखूड लावा!" अर्लीनबाई म्हणाल्या.

"माझ्या वडिलांची नळी काढायची?" असं म्हणून वेंडलने टोपी काढली. सगळ्यांनीच टोप्या काढल्या.

ठराव झाला तो असा: नळी लांब, ठोकळा आखूड, आणि मधल्या मोकळ्या जागेत परस्पर आदरभाव. त्रेसष्टांपैकी बासष्ट हात वर गेले. (इतिवृत्तात मी 'एकमताने, एक मत वगळता' असं लिहिलं.) रायफल आधी चालवून पाहावी, अशी सूचना अर्लीनबाईंनी केली, पण त्यातून देणगीदारांवर अविश्वास दिसला असता. कोणी आतलं बदलू नये म्हणून रायफलीला चिकटपट्टी लावून वर अध्यक्ष-उपाध्यक्षांच्या सह्या घेतल्या. अर्लीनबाईंचा डबाही नियम चौदानुसार स्वीकारून 'राखीव भाग' म्हणून नोंदवला. अन्याय कोणावरच झाला नाही.

लढतीच्या दिवशी अर्लीनबाईंच्या पहिल्या दोन गोळ्या निशाणाच्या बरोब्बर मधोमध बसल्या. तिसरीला स्वयंपाकघरात तवा पडावा तसा आवाज झाला, चौकटीचा टवका उडाला आणि बोल्ट अडकला. बाईंनी हात वर केला.

मैदानाचा पंच म्हणजे त्या अस्वलवाल्याचाच तिसरा मुलगा, टॉबी. तो धावत आला. लहानपणी बाईंच्याच बसमध्ये बसायचा.

"अर्लीनकाकू, दहा मिनिटं आहेत. दुरुस्त करा आणि पुन्हा पहिल्यापासून मारा. फक्त तुमच्या क्लबाची संमती पाहिजे."

"चौकट तग धरेल," बाई डबा उघडत म्हणाल्या. "वेंडल, घालू?"

वेंडलचा चेहरा पांढरा पडला होता. "घाल की. म्हणजे, सभेने म्हटलं तर."

एका पिकअप ट्रकच्या मागे तातडीची सभा भरली. गस म्हणाला, "माझी काही हरकत नाही. पण मागचं इतिवृत्त वाचून कायम केल्याशिवाय नवा ठराव येत नाही." सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी वाचलं. अकरा पानं होती. माझा आवाज मोठा आणि स्वच्छ आहे. मासे तळणाऱ्यांच्या आभाराचा परिच्छेदही मी गाळला नाही. सातव्या पानावर खुद्द गसच हळूच म्हणाला, "अरे, थोडं वगळ ना." मी त्याला सांगितलं, वगळायचं तर तसा ठराव लागेल. अर्लीनबाई डब्याचं झाकण हातात घेऊन मान तिरकी करून घड्याळ पाहत होत्या. दहाव्या पानावर टॉबीने शिट्टी वाजवली. दोनदा वाजवली, पहिली जरा लवकर झाली असं म्हणून. तरी मी शेवटचं पान पुरं केलं, कारण अर्धवट काम मला आवडत नाही.

बाईंनी झाकण लावलं. "इतिवृत्त बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "कुठे सही करू?"

पुढे चौकशी समितीने अहवाल दिला. प्रत्येक भाग सुटा सुटा पाहता उत्तम होता. दोष असलाच तर तो तिसरी गोळी मारण्याच्या घाईचा होता. ती रायफल आता क्लबाच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात आहे आणि खाली पितळी पाटीवर सर्व देणगीदारांची नावं आहेत. अर्लीनबाईंचंही आहे, शेवटी, 'राखीव भाग' या सदरात. म्हणजे पाटीवर नाव आलंच की. शुक्रवारी त्या येतात तेव्हा मान वळवून कडेने ते वाचायचा प्रयत्न करतात. मी त्या वेळी कॉफी आणायला जातो.

बाहेरचे लोक ही हकिकत ऐकून आम्हाला हसतात. तुम्हीही हसला असाल. पण तो ठोकळा चालणार नाही हे तुम्हाला कपाटापर्यंत यायच्या किती आधी कळलं होतं! नळीत काय आदळतं ते माहीत असूनही पुढे काय मजा होते ते बघत तुम्ही शेवटपर्यंत गप्प बसून राहिलात. आमच्या बासष्ट जणांनी नेमकं तेच केलं. तेव्हा चौसष्टावे म्हणून तुमचं नाव मी वहीत चढवलं आहे. शिकण्यासारखं काही नाही, हात कधी वर करायचा ते तुम्हाला येतंच.